प्रोग्नोसिस म्हणजे काय? वॉर्डाबाहेरच्या बाकावरून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डॉक्टर नाही. सोलापुरातल्या एका रुग्णालयात नातेवाइकांशी बोलायचं माझं काम आहे. सकाळचा राउंड संपला की डॉक्टर पुढच्या वॉर्डात जातात आणि लोक माझ्या टेबलापाशी येतात. “मॅडम, डॉक्टर आत्ता काय म्हणाले वो?” आजाराचं नाव त्यांना बहुतेक वेळा कळलेलं असतं. अडलेलं असतं ते पुढचं. या ‘पुढं काय’लाच डॉक्टर प्रोग्नोसिस म्हणतात. खालचे प्रश्न जसे कानावर पडतात तसेच घेतले आहेत. तुमच्या पेशंटबद्दलचं उत्तर त्याच्या डॉक्टरांकडूनच घ्यायचं. ते नीट समजून घेता यावं, एवढ्यासाठी हे पान.

प्रोग्नोसिस म्हणजे नेमकं काय?

हा आजार इथून पुढं कुठल्या वाटेनं जाईल, याचा डॉक्टरांनी बांधलेला अंदाज. बरा होईल का, किती दिवसांत, कामावर परत जाता येईल का, काही व्यंग राहील का, आजार पुन्हा उलटेल का, जिवाला धोका किती, हे सगळं त्यात येतं. शब्द ग्रीक आहे: ‘प्रो’ म्हणजे आधी, ‘ग्नोसिस’ म्हणजे जाणणं.

आपल्याकडे हा शब्द कानावर पडला की माणसं एकच अर्थ घेतात, जगणार की नाही. मध्यंतरी मनगट मोडलेल्या एका पोराची आई “प्रोग्नोसिस चांगला आहे” एवढं ऐकून रडायला लागली. डॉक्टरांना म्हणायचं होतं की हाड सहा आठवड्यांत जुळेल आणि पोरगं पुन्हा क्रिकेट खेळेल.

याला मराठीत काय म्हणायचं?

पुस्तकात ‘पूर्वानुमान’ असतं. वॉर्डात तो शब्द मी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. लोक विचारतात ते असं: गुण येईल का, उतार पडेल का, यातनं उठतील का. माझ्या मते हे तिन्ही प्रश्न ‘पूर्वानुमाना’पेक्षा सरस आहेत, कारण तिन्हींचे अर्थ वेगळे आहेत. औषधाचा गुण येऊनही माणूस उठत नाही, असं होतं.

सोलापूरकरांना भाकीत म्हटलं की भाकणूक आठवते. संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत होमविधी झाल्यावर रात्री वासराला आणतात आणि त्याच्या वागण्यावरून वर्षाच्या पावसापाण्याचं सांगतात. डॉक्टरांच्या अंदाजाकडंही पुष्कळ जण तसंच बघतात: एकदा सांगितलं की ठरलं. पण भाकणूक साऱ्या गावासाठी एकच असते आणि पुढच्या संक्रांतीपर्यंत ती बदलत नाही. प्रोग्नोसिस एका माणसापुरता असतो, त्याच्यासारख्या शेकडो जणांचं आधी काय झालं त्यावरून बांधलेला असतो आणि उद्याच्या रिपोर्टनं तो फिरू शकतो. सोमवारी ऐकलेलं वाक्य शुक्रवारी जसंच्या तसं धरून बसू नका.

आपल्या जुन्या वैद्यांकडं असं काही होतं का?

होतं, आणि चांगलं नेमकं होतं. चरकसंहितेत आजारांची साध्यासाध्यता चार प्रकारची सांगितली आहे: सहज बरे होणारे ते सुखसाध्य, कष्टानं बरे होणारे ते कृच्छ्रसाध्य, उपचार चालू आहे तोवर ताब्यात राहणारे ते याप्य आणि वैद्यानं हाती घेऊ नयेत असे ते प्रत्याख्येय. यातला ‘याप्य’ मला फार आवडतो. पडू घातलेल्या घराला नीट लावलेला टेकू जसा ते घर तोलून धरतो, तसा उपचार याप्य रोग्याला धरून ठेवतो, असा दृष्टांत सुश्रुतानं दिला आहे. शुगरच्या गोळ्या “आता बरं वाटतंय” म्हणून सोडणाऱ्यांना मी हेच सांगते: घर उभं दिसतंय म्हणून टेकू काढू नका.

तिकडं ग्रीसमध्ये हिपोक्रॅटिसच्या परंपरेनं या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. टोकदार झालेलं नाक, खोल गेलेले डोळे, बसलेली कानशिलं असा मरणाच्या जवळ आलेल्या रोग्याचा चेहरा त्यात टिपलाय. आजही डॉक्टर त्याला हिपोक्रॅटिसच्याच नावानं ओळखतात.

निदान आणि प्रोग्नोसिस यांत फरक काय?

निदान म्हणजे काय झालंय. प्रोग्नोसिस म्हणजे त्याचं काय होणार. तंबाखूचा मावा खाणाऱ्या दोघांना गालाच्या आतल्या बाजूचा कर्करोग निघाला, तर निदान एकच. पण एकाची गाठ लहान आहे आणि मानेत काही नाही, तर दुसऱ्याचं तोंड दोन बोटंही उघडत नाही आणि मानेत गाठी लागतात. दोघांचा प्रोग्नोसिस एकमेकांपासून फार लांब. म्हणून “माझ्या मेव्हण्याला हेच झालं होतं” या वाक्यावर विसंबू नका, मेव्हणा बरा झालेला असो की नसो.

केसपेपरवर ‘गार्डेड’ लिहिलंय. म्हणजे?

डॉक्टरांच्या उतरत्या भाजणीत साधारण असे शब्द येतात: गुड, फेअर, गार्डेड, पुअर, ग्रेव्ह. ‘गार्डेड’चं माझं भाषांतर असं: ‘आज काही सांगता येत नाही, दोन्हीकडं जाऊ शकतं.’ यात डॉक्टर काही लपवत असतात असं नाही, त्यांना खरंच अजून दिसलेलं नसतं. ‘पुअर’ आणि ‘ग्रेव्ह’ यांचा मात्र अर्थ सरळ आहे, जवळची माणसं बोलवून घ्या.

इथंच ‘स्टेबल’चाही घोळ मिटवून टाकते. स्टेबल म्हणजे नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन सध्या खालीवर होत नाहीत. पेशंट बरा आहे असं त्यातून निघत नाही. व्हेंटिलेटरवरचा माणूसही स्टेबल असू शकतो. “स्टेबल म्हणाले होते आणि रात्रीत गेले” ही तक्रार मी महिन्यातून एकदा तरी ऐकते.

आमच्याकडून “गंभीर असल्याची कल्पना दिली आहे” असं लिहून घेतलं. आता जबाबदारी आमची का?

नाही. धोका तुम्हाला सांगितला होता, एवढीच त्या ओळींतून नोंद होते. उपचारात हलगर्जीपणा झाला तर ती सही त्यावर पांघरूण घालत नाही.

पण हा प्रकार जसा होतो, तो मला बरा वाटत नाही. एकदा टॉवेलच्या कारखान्यात काम करणारे एक काका भावासाठी सही करायला आले. घरची भाषा तेलुगू. मराठी बोलायला फर्डे, लिहायचा सराव नाही. सिस्टरनी वाक्य सांगितलं, त्यांनी उभ्या उभ्या, केसपेपर भिंतीला टेकवून लिहिलं: ‘पेशंटची तब्येत गंभीर असून जिवाला धोका आहे, याची कल्पना मला समजेल अशा भाषेत दिली आहे.’ ‘समजेल’मधला ‘म’ राहून गेला, तो वर बारीक लिहून काकपद दिलं. सही झाल्यावर पेन परत करत त्यांनी मला विचारलं, “म्हंजे नेमकं काय झालंय त्याला?”

लिहिण्याआधी विचारा. सही पाच मिनिटांनी झाली तर काही बिघडत नाही. तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी सिस्टर किंवा मामा सोलापूरच्या बहुतेक वॉर्डांत सापडतात, त्यांना बोलवा.

“बहात्तर तास काही सांगता येणार नाही” असं का म्हणतात? टाळायला?

कधीकधी टाळायलाही म्हणत असतील, पण मेंदूच्या बाबतीत त्याला आधार आहे. डोक्याला मार लागल्यावर किंवा मोठा अर्धांगवायूचा झटका आल्यावर मेंदूची सूज लगेच पुरती येत नाही. ती दुसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत वाढत जाते, त्यामुळे पहिल्या दिवशी बोलणारा पेशंट तिसऱ्या दिवशी बेशुद्ध होऊ शकतो. हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या आणि शुद्धीवर न आलेल्या माणसाबद्दल तर निदान तीन दिवस जाऊ द्यावेत, घाईनं ‘मेंदू गेला’ असं ठरवू नये, असंच शास्त्र सांगतं. झोपेच्या औषधांचा अंमलही तोवर उतरावा लागतो. एरवी साध्या न्यूमोनियालाही कुणी बहात्तर तास सांगत असेल, तर “या बहात्तर तासांत तुम्ही नेमकं काय बघणार आहात?” असं शांतपणे विचारा. ज्याला कारण माहीत आहे तो सांगतो.

डॉक्टर हा अंदाज कशावरून बांधतात?

आजार कुठपर्यंत पोहोचलाय, पेशंटचं वय, आधीचे आजार, आजारापूर्वी तो किती चालता-फिरता होता आणि पहिल्या काही दिवसांत उपचाराला कसा प्रतिसाद दिला, यांवरून. चालता-फिरता होता का, हा प्रश्न लोकांना फालतू वाटतो, पण त्यावर पुष्कळ काही ठरतं. ७८ वर्षांचे, रोज सिद्धेश्वर तलावाला फेरी मारणारे आजोबा आणि ६० वर्षांचे, दोन वर्षं खाटेला खिळलेले गृहस्थ यांच्यात आजोबांचा प्रोग्नोसिस उजवा निघू शकतो. तेव्हा इतिहास सांगताना “तसे ठणठणीत होते” असं उगाच सांगू नका. खरं सांगा.

शिवाय मोजपट्ट्या आहेत. बेशुद्धीची खोली मोजणारा ग्लासगो कोमा स्केल १९७४ साली आला. डोळे, बोलणं आणि हालचाल मिळून गुण ३ ते १५. तीन म्हणजे काहीच प्रतिसाद नाही, पंधरा म्हणजे पूर्ण शुद्ध. “स्कोअर सहावरून नऊवर आलाय” असं ऐकलंत तर ती चांगली बातमी आहे. नवजात बाळाचा अ‍ॅपगार तुम्ही ऐकला असेल. व्हर्जिनिया अ‍ॅपगार या भूलतज्ज्ञ बाईंनी तो १९५३ मध्ये प्रसिद्ध केला. पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला बाळाला दहापैकी गुण देतात. सात मिळाले म्हणून सूनबाईंकडं वाकडं बघणाऱ्या सासूबाईंसाठी: त्या गुणांचा पोराच्या हुशारीशी संबंध नाही.

आणि ‘शंभरातले इतके’ हे आकडे येतात ते नोंदीतून. सोलापूरकरांनी अभिमान बाळगावा अशी गोष्ट यात आहे. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली आपल्याच बार्शीत सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतल्या गावोगाव जाऊन कर्करोगाचे रोगी आणि मृत्यू नोंदवायचे, हे ते काम. त्याआधी खेड्यातल्या माणसाला सांगायचे आकडे मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांचे होते, आणि तिथं पोचणारा रोगी गावात राहणाऱ्या रोग्यासारखा नसतो.

‘पाच वर्षांचा सर्व्हायव्हल रेट ६० टक्के’ म्हणजे माझी बायको पाचच वर्षं जगणार?

हा गैरसमज मी सगळ्यात जास्त वेळा काढलाय. त्याचा अर्थ असा: निदानानंतर पाच वर्षांनी शंभरातल्या ६० जणी हयात होत्या. सहाव्या वर्षी त्या जाणार, असं त्यात कुठंही नाही. कित्येक जणी पुढं वीस वर्षंही जगतात. पाच वर्षं हा मोजायला सोयीचा मैलाचा दगड आहे, कारण बऱ्याच कर्करोगांत आजार उलटायचा असेल तर या काळातच उलटतो. सगळ्यांत मात्र नाही, स्तनाचा कर्करोग दहा वर्षांनीही डोकं वर काढू शकतो.

आणखी एक. हा आकडा ज्या बायकांवरून काढला, त्यांच्यावर उपचार निदान पाच वर्षांपूर्वीचे झालेले असतात. म्हणजे तो नेहमीच थोडा शिळा असतो.

डॉक्टर म्हणाले “सरासरी आठ महिने”. आम्ही तारीख धरायची का?

धरू नका. डॉक्टर ज्याला बोलताना सरासरी म्हणतात ती बहुधा शाळेतली सरासरी नसते, मध्यक असतो. अकरा पेशंट त्यांच्या आयुष्याच्या क्रमानं रांगेत उभे केले, तर मधला, सहावा, आठ महिने जगला. पाच जण त्याच्या आधी गेले, पाच जण त्याच्यानंतर. नंतरच्या पाचांत कुणी दहा महिने काढले असतील, कुणी दहा वर्षं. रांगेचं डावं टोक शून्यापाशी अडतं, उजवं टोक कुठवरही जातं.

स्टीफन जे गूल्ड नावाच्या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाला १९८२ मध्ये पोटाच्या अस्तराचा दुर्मीळ कर्करोग निघाला. त्याचा मध्यक नेमका आठ महिन्यांचा. गूल्डला आकडेमोड येत होती, त्यानं हाच विचार केला: अर्धी माणसं आठ महिन्यांच्या पुढं जातात, मी तरुण आहे, आजार लवकर सापडलाय, उपचार उत्तम आहेत, तर मी उजव्या शेपटीत असण्याची शक्यता चांगली. तो २००२ मध्ये वारला, वीस वर्षांनी, आणि तेही दुसऱ्याच कर्करोगानं.

ही गोष्ट मी जपून सांगते. कारण ऐकणाऱ्या प्रत्येकाला आपला माणूस गूल्डच वाटतो. पहिल्या पाचांतलाही कुणाचा तरी माणूस असतो.

लवकर सापडलं म्हणजे जास्त जगणार, हे नक्की का?

बऱ्याचदा हो, पण यात एक चकवा आहे. सोलापूर स्टेशनवर दोघं पुण्याहून येणाऱ्या एकाच गाडीची वाट बघताहेत. गाडी कुर्डुवाडीहून सुटल्याचं एकाला फोनवर कळलं. दुसऱ्याला ती सोलापूरच्या अलीकडच्या बाळे स्टेशनात आल्यावर. पहिल्याला गाडीची खबर जास्त वेळ होती, पण गाडी दोघांसाठी एकाच वेळी फलाटाला लागली. आजार नुसता आधी कळला आणि शेवट बदलला नाही, तरी ‘निदानानंतर किती वर्षं जगला’ हा आकडा फुगतो.

म्हणून तपासणी खरंच उपयोगी आहे का हे बघताना निदानानंतरची वर्षं मोजत नाहीत, मृत्यू मोजतात. याचा जगभर नावाजलेला दाखला आपल्या शेजारचाच आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावांत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर अभ्यास झाला. त्यात बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाचा मोठा हात होता. २००९ मध्ये निष्कर्ष आले: ज्या गटात गर्भाशयाच्या तोंडाची एचपीव्ही (हा कर्करोग घडवणारा विषाणू) तपासणी आयुष्यात एकदाच झाली, त्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. इथं गाडीची वेळच बदलली. तिशी ओलांडलेल्या बायकांनो, ही तपासणी करून घ्या. (माझा हा नेहमीचा आगाऊपणा आहे.)

डॉक्टरांचा अंदाज कितपत खरा ठरतो?

शिकागोमध्ये अखेरच्या आजारातल्या ४६८ रोग्यांबद्दल ३४३ डॉक्टरांना विचारलं होतं की हा किती दिवस जगेल. अभ्यास २००० साली छापून आला. अंदाज बरोबर आले २० टक्के. ६३ टक्के अंदाज गरजेपेक्षा आशावादी निघाले, १७ टक्के निराशावादी. म्हणजे डॉक्टर घाबरवतात हा आपला समज उलटाच, बहुतेक वेळा ते जास्त दिवस सांगतात. आणि डॉक्टरची रोग्याशी ओळख जितकी जुनी, तितकी चूक मोठी. फॅमिली डॉक्टरांना आपला माणूस जाणार हे दिसत नाही, तुम्हाआम्हाला दिसत नाही तसंच.

प्रोग्नोसिस काळाबरोबर बदलतो का?

बदलतो, आणि कधीकधी एका माणसाच्या चिकाटीनं. कोकणात लाल विंचू चावलेल्या गंभीर रोग्यांतले शंभरातले तीस-चाळीस जण दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रोग्यांच्या उशाशी बसून निरीक्षणं केली आणि रक्तदाबाचं प्राझोसिन हे औषध त्यावर वापरलं. मृत्यू एक टक्क्याच्या आसपास आले. विंचू तोच, विष तेच. रक्ताच्या एका कर्करोगाला, क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाला, पूर्वी काही वर्षांची मुदत सांगत. २००१ मध्ये इमॅटिनिब ही गोळी आली आणि आता पुष्कळ जण ती घेत जवळपास नेहमीचं आयुष्य जगतात.

रेबीज मात्र तसाच राहिलाय. कुत्रं चावल्यावर लगेच जखम साबणानं धुतली, लस आणि गरज असेल तिथं सिरम वेळेत घेतलं, तर प्रोग्नोसिस उत्तम. पाण्याची भीती अशी लक्षणं एकदा दिसली की जवळजवळ कुणी वाचत नाही.

हे सगळं कर्करोगापुरतंच आहे का?

छे. अर्धांगवायूत हातापायाची सुधारणा सर्वांत जास्त पहिल्या तीन महिन्यांत होते, म्हणून व्यायामाला ‘जरा बरं वाटू दे, मग’ म्हणणं महागात पडतं. फिट्सचं म्हणाल तर योग्य औषधं नियमित घेतली तर दहांपैकी सात जणांच्या फिट्स थांबू शकतात. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९४२ मध्ये चीनमध्ये अपस्मारानंच गेले, अवघे ३२ वर्षांचे. ज्या गावात त्यांचं स्मारक आहे, त्या गावात मुलीच्या फिट्स लग्न मोडेल म्हणून लपवतात आणि गोळ्या बंद करतात.

“पेशंटला काही सांगू नका” असं आम्ही डॉक्टरांना सांगितलंय. बरोबर केलं ना?

नोकरीला लागले तेव्हा मीही हेच म्हणायचे. एका अम्मांनी माझं मत बदललं. दिवसाला हजार विड्या वळणारी बाई, पदर खोचलेला, बोटांना तंबाखूचा वास. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग, पुढचा टप्पा. दोन्ही मुलांनी हात जोडून सांगितलं, अम्माला ‘सूज आहे’ एवढंच सांगा. चार महिने सगळ्यांनी ते नाटक वठवलं. एक दिवस मुलं औषधं आणायला खाली गेली आणि अम्मा मला म्हणाल्या, “मॅडम, पोरांना सांगू नका, मला ठावं हाय. लाईट घ्यायला माझ्या पुढं बसती ती बाई काय सुजेची हाय व्हय?” किरणोपचाराच्या रांगेत चौथ्याच दिवशी त्यांना कळलं होतं. मुलांना त्रास नको म्हणून त्या गप्प होत्या. त्यांना तिरुपतीला जायचं होतं, पण ‘सूज’ उतरायची वाट बघत कुणी तो विषय काढलाच नाही. काढला तेव्हा त्यांना बसवत नव्हतं.

सगळ्यांना सगळं सांगावं असं माझं म्हणणं नाही. काही जणांना खरंच ऐकायचं नसतं, तो त्यांचा हक्क आहे. पण ते त्यांना विचारा: “रिपोर्टबद्दल तुम्हाला सगळं ऐकायचंय, की थोरल्याशी बोललेलं चालेल?” एवढा प्रश्न पुरतो. डॉक्टरांसाठी असलेल्या २००२ च्या आचारसंहितेत प्रोग्नोसिसवर स्वतंत्र कलमच आहे: आजाराचं गांभीर्य फुगवूही नये आणि कमी करूनही सांगू नये.

दोन एकर विकून मुंबईला न्यावं का?

सगळ्यात अवघड प्रश्न, आणि तो मला जिन्यात, हळू आवाजात विचारतात. विकण्याआधी डॉक्टरांना हे विचारा: हा उपचार आजार मुळातून घालवण्यासाठी आहे, की काही महिने वाढवण्यासाठी? शंभर जणांना दिला तर किती जणांना फायदा होतो? ‘धोका निम्म्यानं कमी होतो’ एवढ्यावर थांबू नका. शंभरात ४० ऐवजी २० जण दगावले तरी निम्मं, आणि दोनऐवजी एक दगावला तरी निम्मंच. पहिल्यासाठी माणूस जमीन विकेल. दुसऱ्यासाठी विकावी का, याचा विचार घरात बसून व्हायला हवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तो उपचार बसतो का, हेही आधी बघा. तोच उपचार बार्शीत किंवा इथंच होत असेल तर मुंबईच्या खोलीभाड्यात प्रोग्नोसिस सुधारत नाही.

डॉक्टरांना वेळ नसतो. दोन मिनिटांत काय विचारू?

“किती दिवस?” विचारलंत तर “देवाच्या हातात” असं उत्तर येईल. त्याऐवजी विचारा: चांगलं झालं तर काय होईल, वाईट झालं तर काय, आणि अशा पेशंटचं बहुतेक वेळा काय होतं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर वहीत लिहून ठेवा. आणि तुमची अडचण उघड सांगा: “मुलीचं लग्न वैशाखात आहे, अलीकडं ओढू का?” तारीख सांगायला कचरणारे डॉक्टर अशा प्रश्नाला “ओढा” असं चटकन म्हणतात. घरातून एकानंच विचारा. पाच जणांनी पाच वेळा विचारलं की पाच उत्तरं घरी येतात आणि रात्री भांडणं होतात.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतलं तर पहिले रागावतील का?

रागावले तर रागावले. कागद मागायचा तुम्हाला हक्क आहे. मागणी केल्यावर ७२ तासांत ते द्यायचे, असं त्याच आचारसंहितेत आहे. (हे बहात्तर तास मात्र कुणी आपणहून सांगत नाही.)

“आता घरी न्या” म्हणाले. म्हणजे सोडून दिलं?

विचारून घ्या, कारण त्याचे दोन अर्थ होतात. कधी खरंच हात झटकलेले असतात. कधी म्हणणं असं असतं की आजारावर चालणारा उपचार संपला, त्रासावर चालणारा आता सुरू करू. दुखणं, धाप, मळमळ, तोंडाची कोरड यांवर शेवटच्या दिवसापर्यंत औषधं असतात, मॉर्फिनच्या गोळ्याही डॉक्टरांच्या देखरेखीखाली मिळतात. याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. घरी नेताना या औषधांची चिठ्ठी आणि रात्री फोन कुणाला करायचा, तो नंबर घेतल्याशिवाय जिना उतरू नका.

शुद्ध हरपल्यावर मशिनवर ठेवू नका, असं आधीच लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही.

“गड्ड्यापर्यंत राहतील का?”

दरवर्षी दिवाळी झाली की हा प्रश्न येतो. इथं माणसं महिने मोजत नाहीत, आषाढी, दसरा, गड्डा मोजतात. अनुभवी डॉक्टर अशा वेळी आकडा न देता माप सांगतात: “आता महिने नाहीत, आठवडे आहेत” किंवा “आठवडे नाहीत, दिवस आहेत.” त्यांनी माप बदललं की ते ऐका. दुबईतल्या मुलाला फोन करायचा तो “आठवडे” ऐकल्यावर, “दिवस” ऐकल्यावर नव्हे, कारण त्याला रजा, तिकीट आणि मुंबईहून सोलापूरची गाडी मिळेपर्यंत तीन दिवस तसेच जातात. गेल्या साली एका आजोबांसाठी नातवानं घरच्या पायरीवर गड्ड्याच्या मिरवणुकीत असतो तसा, पण दोन वितींचा, नंदीध्वज उभा केला, बांबूला बाशिंग बांधून. डिसेंबरचा दुसरा आठवडा होता. आजोबांनी खाटेवरूनच हात जोडले आणि विचारलं, “एवढ्या लवकर कसा काय आणला रे?”